पुराच्या पाण्यात बुडालेल्या मोटारी, स्टार्टर व घरातील विजेची उपकरणे

सभासद बंधू-भगिनींनो,

पावसाळा तोंडावर आला आहे. कृष्णा, वारणा व पंचगंगेच्या काठच्या गावांना पूर काही नवा नाही. २००५, २०१९ व २०२१ ही तीन साले तर आपल्यापैकी कोणीच विसरणार नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ नदीची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. बुडालेल्या उसाची निगा कशी करावी यावर ह्या पत्रिकेतून आम्ही वेळोवेळी लिहिले आहे. परंतु पूर ओसरल्यावर गटात फिरताना उसाइतकीच विचारणा दुसऱ्या एका गोष्टीची होते. "साहेब, मोटार बुडालीया, चालू करून बघू का?"

ह्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात द्यायचे तर "बघू नका" असे आहे. बुडालेली मोटार, स्टार्टर, टीव्ही किंवा मोबाईल हे पाण्याने जितके बिघडतात, त्याहून किती तरी जास्त "चालू होते का बघू" ह्या एका खटक्याने बिघडतात. ह्यात कधी कधी माणूसही जातो. म्हणून हा लेख.

आमची एक चूक

आधी आमचीच गोष्ट सांगतो. २००५ साली आम्ही शेतकी खात्यात अगदी नवीन होतो. पूर ओसरला तसे गावोगावी फिरून आम्ही सभासदांना एकच सांगत होतो, "सरीत पाणी साचू देऊ नका, मुळ्या कुजतील, पाणी लौकर बाहेर काढा." सल्ला चुकीचा नव्हता. पण पाणी कशाने काढायचे हे काही आम्ही सांगितले नाही. एका सभासदाने वीज आली त्याच दिवशी बुडालेल्या पेटीतली माती हाताने खरवडली, स्टार्टर फडक्याने पुसला आणि ओल्या चिखलात उभे राहून खटका दाबला. ते मागे फेकले गेले, म्हणूनच वाचले. उजवा हात भाजला. पाच हॉर्सची मोटारही जळाली. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्हीच म्हणाला होता ना, पाणी लौकर काढा म्हणून." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

तेव्हापासून पुरानंतरच्या सल्ल्यात आम्ही एक वाक्य न चुकता घालतो. साचलेले पाणी काढायचे ते शेताच्या उताराकडे चर मारून, बुजलेले पाट व ओघळ मोकळे करून. तेवढ्याने भागत नसेल तर पुरात न बुडालेले डिझेल इंजिन किंवा ट्रॅक्टरवर चालणारा पंप भाड्याने आणावा. बुडालेल्या विजेच्या मोटारीला ह्या कामाला जुंपू नये.

आणि उसाला पाणी देण्याची तर मुळीच घाई नसते. पुराखालून निघालेल्या काळ्या जमिनीत ओल तुडुंब असते. तिला वाफसा यायलाच कित्येक दिवस लागतात. पाऊस सुरूच असेल तर आणखी लांबते. आडसाली असो की खोडवा, ऊस त्या काळात पाण्यावाचून वाळत नाही. त्याला त्या वेळी हवा लागते, पाणी नव्हे. म्हणजेच मोटार पंधरा दिवस बंद राहिली म्हणून टनेज घटत नाही. घाई उसाला नसते, ती आपल्या मनाला असते.

पाणी नक्की काय बिघडवते?

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण पुराचे पाणी शुद्ध नसते. त्यात गाळ असतो, शेतातली खते असतात, गटारीचे व गोठ्याचे पाणी असते. असे क्षार विरघळलेले पाणी वीज सहज वाहून नेते. म्हणून बुडालेल्या पेटीत वीज सोडली की ती आपला तांब्याच्या तारेचा रस्ता सोडून चिखलातून, पत्र्यातून, जमिनीतून व माणसातून वाट काढते. मोटारीत वाइंडिंगच्या दोन तारांमध्ये वार्निशचा पातळ थर असतो. त्याला कोठे केसाएवढी चीर असली आणि तेथे ओल पोचली, की ठिणगी पडून क्षणात वाइंडिंग जळते.

दुसरी गोष्ट. ओल आणि वीज एकत्र आली की तांबे झपाट्याने खाल्ले जाते. बुडालेल्या टीव्हीच्या किंवा ऑटो स्विचच्या आतल्या हिरव्या पट्टीवर जो पांढरा-हिरवट थर दिसतो तो हाच. नुसत्या पाण्यात ह्या कामाला दिवस लागतात. आत बॅटरी जोडलेली असेल तर तेच काम काही तासांत होते. म्हणून बंद असलेल्या वस्तूचीसुद्धा बॅटरी आधी काढायची असते.

तिसरी गोष्ट गाळाची. नुसते पाणी वाळून जाते, गाळ मागे राहतो. तो वाळला तरी त्यातले क्षार हवेतली ओल ओढून घेतात. उन्हात वाळवून चालू केलेली मोटार त्या वेळी चालते आणि पुढच्या पावसाळ्यात अचानक जळते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. तेव्हा आधी धुणे आणि मग वाळवणे हा क्रम मोडू नये. ओल्या वस्तूला पुन्हा पाणी घालायचे हे ऐकायला विचित्र वाटते, पण चिखलाचे पाणी स्वच्छ पाण्यानेच निघते.

ह्या तिन्ही गोष्टींचा मिळून एकच नियम होतो. तोडायची घाई करा, जोडायची सबुरी ठेवा. वीज तोडणे, बॅटरी काढणे व गाळ धुणे ह्यात जेवढी त्वरा कराल तेवढे चांगले. वीज जोडण्यात जेवढा धीर धराल तेवढे चांगले.

पहिला दिवस : आधी जीव

पाणी उतरल्यावर विहिरीवर, जॅकवेलवर किंवा घरात शिरताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

(१) गावाचा पुरवठा बंद आहे असे कानावर आले तरी तार, खांब, ताण व पेटी यांना वीज आहे असेच समजून वागावे. पुरवठा केव्हा सुरू होईल हे आपल्या हातात नसते. शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरची किंवा जनरेटरची वीजही उलटी येऊ शकते.

(२) तुटलेली तार किंवा वाकलेला खांब दिसला तर जवळ जाऊ नये, जनावरे त्या बाजूला सोडू नयेत आणि महावितरणला १९१२ ह्या क्रमांकावर कळवावे. डी.पी.ची पेटी आपण होऊन उघडू नये.

(३) घरातील मेन स्विच पाण्यात उभे राहून बंद करू नये. मेन स्विच स्वतःच बुडालेला असेल तर त्याला हात न लावता लाईनमनकडून खांबावरून पुरवठा तोडून घ्यावा. मीटर महावितरणचे असते. त्याचे सील तोडू नये. मीटर बुडाल्याचे लेखी कळवून पोच घ्यावी.

(४) टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे समजू नये. टेस्टर बिघडलेला असू शकतो. वायरमनकडून मीटर लावून खात्री करावी.

(५) पेटी, मोटारघर व गोठ्याचा कोपरा येथे सापाने आसरा घेतलेला असतो. पेटीचे दार काठीने उघडावे. पायात गमबूट व हातात रबरी मोजे असावेत. पुराच्या चिखलातून लेप्टोचा आजार होतो. पायाला जखम असेल व नंतर ताप आला तर अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावे आणि पुराच्या पाण्यात वावरलो होतो हे आवर्जून सांगावे.

(६) धुण्यापूर्वी फोटो काढावेत. मोटारीची पाटी व तिच्यावरील नंबर, बुडालेली पेटी आणि भिंतीवरची पाण्याची खूण असे सर्व फोटोत यावे. महसूल खात्याचा पंचनामा असो वा विमा कंपनीचा सर्व्हेअर, स्वच्छ धुतलेली वस्तू बुडाली होती हे नंतर पटवणे जड जाते. विमा असेल तर कंपनीला कळवून मगच मोटार खोलावी.

मोटार : जळालेली नसेल तर बहुधा वाचते

सभासदांना दिलासा देणारी गोष्ट अशी की, बुडालेली पण चालू न केलेली मोटार बहुतेक वेळा दुरुस्त होते. जळालेली मोटार मात्र भरूनच घ्यावी लागते. दोन्ही खर्चांत किती फरक आहे हे आपण जाणताच.

पाणबुडी, म्हणजे सबमर्सिबल मोटार मुळातच पाण्यात राहण्यासाठी बनवलेली असते. विहिरीत चार पुरुष पाणी वाढले म्हणून तिचे काही बिघडत नाही. बिघडते ते वरची पेटी, स्टार्टर व केबलचा जोड. तेव्हा पाणबुडी मोटार लगेच वर ओढून काढण्याची गरज नाही. मात्र विहिरीत किंवा बोअरमध्ये गाळ किती बसला हे पाहावे. मोटार गाळात रुतली असेल तर ती थंड होत नाही आणि वाळूमिश्रित पाण्याने पंपाचे पंखे झिजतात. गाळ काढल्यावर वरूनच मेगर लावून केबल व मोटार तपासावी आणि मगच चालू करावी.

मोनोब्लॉक व इतर उघड्या मोटारींची गोष्ट वेगळी. ती पूर्ण खोलावीच लागते. काम रिवाइंडिंगच्या दुकानातच करावे. पण दुकानात काय व्हायला पाहिजे हे आपल्याला माहीत असावे. पुरानंतर दुकानांत मोटारींचा ढीग लागतो आणि कामे उरकली जातात.

मोटार खोलून रोटर बाहेर काढावा. वाइंडिंग स्वच्छ पाण्याने, हलक्या धारेने, गाळ निघेपर्यंत धुवावे. गाडी धुण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊ नये, कारण त्याने गाळ उलट आत बसतो व वार्निश निघते. पाणी निथळल्यावर एक-दोन दिवस उन्हात ठेवावे. मग दुकानाच्या भट्टीत हळूहळू उष्णता वाढवीत वाळवावे. उष्णता साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये आणि एकदम चढवू नये. एकदम तापवले तर आतल्या पाण्याची वाफ होऊन वार्निश फुटते. भट्टी नसेल तेथे स्टेटरच्या पोकळीत पिवळा बल्ब लावून वाळवतात. ह्या पद्धतीत बल्ब वाइंडिंगला टेकू देऊ नये, वर पोते झाकू नये आणि मोटार सोडून झोपायला जाऊ नये. आग लागते.

वाळली की नाही हे हाताने कळत नाही, ते मेगरने कळते. मेगर म्हणजे वाइंडिंग व मोटारीचे अंग यांमधून वीज किती गळते हे मोजणारे यंत्र. आपल्या ४१५ व्होल्टच्या मोटारींसाठी ५०० व्होल्टचा मेगर वापरतात. रीडिंग निदान १ मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहम आले पाहिजे. ही अगदी खालची मर्यादा झाली. चांगल्या कोरड्या मोटारीचे रीडिंग ह्याच्या पुष्कळ वर असते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटार तापवायला लागल्यावर रीडिंग आधी खाली जाते, मग वर चढू लागते आणि शेवटी एका ठिकाणी स्थिर होते. आधीचे रीडिंग घसरलेले पाहून "ही गेली" असे म्हणून काही जण मोटार उगाच भरून घेतात. उलट काही जण रीडिंग थोडे चढले की लगेच जोडून टाकतात. दोघांचेही नुकसान होते. तीन-चार तासांच्या अंतराने घेतलेली रीडिंगे सारखी येऊ लागली आणि मोटार थंड झाल्यावरही चांगले रीडिंग आले, की मोटार वाळली.

मेगर लावण्यापूर्वी मोटारीच्या तारा स्टार्टरपासून सोडवाव्यात. तारा जोडलेल्या ठेवून मेगर फिरवला तर त्याच्या ५०० व्होल्टने ऑटो स्विच, प्रिव्हेंटर व इतर इलेक्ट्रॉनिक पट्ट्या जळतात.

वाळल्यावर वार्निशचा एक हात देऊन पुन्हा भट्टीत वाळवावे. बेअरिंग धुऊन परत बसवण्याचा मोह टाळावा. पुराचा गाळ म्हणजे बेअरिंगला सँडपेपरच. नवीन बेअरिंग व नवीन ग्रीस हाच शेवटी स्वस्त मार्ग ठरतो.

स्टार्टर, पेटी व केबल

मोटारीवर पैसे घालून स्टार्टरवर काटकसर करणारे बंधू पुष्कळ भेटतात. खरे तर उलट व्हायला पाहिजे. बुडालेला एम.सी.बी., ई.एल.सी.बी. किंवा फ्यूज धुऊन-वाळवून पुन्हा वापरू नये. तो दिसायला ठीक असतो, खटकाही वरखाली होतो. पण आतली नाजूक स्प्रिंग गंजली असेल तर ऐन वेळी तो पडत नाही. ज्याचे कामच संकटात वीज तोडण्याचे, तो संशयास्पद ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील विद्युत उपकरणे बनवणाऱ्यांची 'नेमा' ही संघटना बुडालेल्या उपकरणांविषयी मार्गदर्शक पुस्तिका काढते. तिच्यातही मोटारी दुरुस्त होऊ शकतात, पण ब्रेकर व फ्यूज बदलावेत, असाच विभाग केलेला आहे.

स्टार्टरचे लोखंडी भाग, कॉन्टॅक्टर व टर्मिनल चांगल्या कारागिराकडून खोलून, धुऊन, वाळवून काही वेळा वापरता येतात. कॉइल व रिले मात्र बदललेले बरे. जुन्या तेलाच्या स्टार्टरमधले तेल पूर्ण काढून टाकी पुसावी व नवीन तेल भरावे, कारण पाणी तेलाच्या तळाला जाऊन बसते आणि वरून दिसत नाही. पेटीतले कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भरलेले असतात. त्यांना वायरमनशिवाय कोणी हात लावू नये. किटकॅटमध्ये जाड तार घालून काम भागवण्याची सवय तर पुरानंतर सर्वांत घातक.

केबल नुसती बुडाली म्हणून जात नाही. जिथे ती सोलली, चिरली किंवा जोडली आहे तेथे पाणी शिरते. जुने जोड कापून नवीन करावेत. अर्थिंगची तार वाहून गेली आहे का, तुटली आहे का हे पाहावे. पुरात माती वाहून गेल्यावर अर्थिंगचा पाइप उघडा पडलेला आम्ही अनेक ठिकाणी पाहिला आहे. मोटार दुरुस्त झाली आणि अर्थिंग नाही, म्हणजे दार बसवले आणि कडी विसरली.

सर्व झाल्यावर मोटार चालू केली आणि पाणी नेहमीपेक्षा फारच कमी पडले, तर लगेच पंप खोलायला घेऊ नये. पुरानंतर खांब व तारा नव्याने ओढताना फेजचा क्रम बदलला जाऊ शकतो आणि मोटार उलटी फिरते. वायरमनकडून कोणत्याही दोन फेजच्या तारा अदलाबदल करून घेतल्या की काम होते.

सौर पंपवाल्या सभासदांनी विशेष जपावे. महावितरणची वीज बंद असली तरी ऊन आहे तोवर पॅनेल वीज करीतच असतात आणि अनेक पॅनेल जोडलेले असल्याने व्होल्टेज शेकड्यात असते. बुडालेला कंट्रोलर आपण न उघडता पुरवठादार कंपनीच्या माणसाला बोलवावे.

घरातील वस्तू

घरातले वायरिंग सर्वांत आधी. भिंतीतल्या पाइपात पाणी व गाळ राहतो. बुडालेले स्विच, सॉकेट व होल्डर बदलावेत. पाइप कोरडे झाल्यावर वायरमनकडून एकेका खोलीची लाईन मेगरने तपासून मगच सुरू करावी. ह्या निमित्ताने ३० मिलीअँपियरचा ई.एल.सी.बी. बसवून घ्यावा. वीज अंगातून जमिनीकडे गळू लागली की तो डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पुरवठा तोडतो. नवीन फ्यूज फक्त तार वाचवतो, हा माणूस वाचवतो.

मिक्सर, पंखा, पिठाची चक्की यांच्या मोटारी वर सांगितल्याप्रमाणे धुऊन-वाळवून बहुधा सुटतात. पंख्याचा कपॅसिटर बदलावा. फ्रिजचा कॉम्प्रेसर सीलबंद असतो, त्यामुळे तो पुष्कळदा वाचतो. पण रिले व इलेक्ट्रॉनिक पट्टी जाते आणि दारातल्या व भिंतीतल्या फोममध्ये घाण पाणी मुरते. वास व जंतू जात नसतील तर खाण्याच्या वस्तूंसाठी तो फ्रिज ठेवू नये. पातळ टीव्हीच्या पडद्यात पाणी शिरले असेल तर दुरुस्तीला पैसे घालण्यापूर्वी नव्याची किंमत विचारावी. कोणाकडे अजून जुना पेटीवजा टीव्ही असेल तर तो घरी खोलू नये. त्याच्या काचेच्या नळीत वीज बंद असतानाही हजारो व्होल्टचा दाब साठलेला राहू शकतो.

मोबाईल, संगणक व दूध संस्थेची यंत्रे

आता ऊसनोंद, तोडणीचा निरोप, बँकेचा ओटीपी असे सर्व मोबाईलवर येते. म्हणून मोबाईल भिजला की माणूस घाबरतो व लगेच चार्जिंगला लावतो. तसे करू नये. तो ताबडतोब बंद करावा. बंदच असेल तर चालू करून पाहू नये. कव्हर, सिम व मेमरी कार्ड काढावे. बॅटरी निघणारी असेल तर काढावी. पुसून, चार्जिंगचे छिद्र खाली करून वाऱ्याला ठेवावा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याची पद्धत सर्वत्र पसरली आहे, पण तांदूळ आतले पाणी ओढून घेत नाही, उलट त्याचा कोंडा छिद्रात जातो. २०२४ साली ॲपल कंपनीनेही आपल्या ग्राहकांना तांदळात फोन ठेवू नका असे स्पष्ट सांगितले. केस वाळवायचे यंत्र किंवा चुलीची ऊबही नको.

पुराच्या गढूळ पाण्यात बुडालेला फोन नुसता वाळवून भागत नाही. येथे खरी त्वरा करावी व तो न वाळवता दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. चांगला कारागीर बॅटरी सोडवून आतली पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो. हे द्रव्य पाणी बरोबर घेऊन उडून जाते. ते पेट घेणारे असल्याने घरी दिव्याजवळ किंवा शेगडीजवळ हा प्रयोग करू नये.

दूध संस्था व विकास सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना एक सूचना. फॅट मशीन, वजनकाटा व संगणक बुडाले तर बदलता येतील. पण सभासदांचा हिशेब ज्या हार्ड डिस्कमध्ये आहे ती बदलता येत नाही. बुडालेली हार्ड डिस्क चालू करू नये, खोलू नये आणि वाळवूही नये. गाळ आतच वाळला तर तबकडीवर घट्ट बसतो. ती ओलसरच प्लॅस्टिक पिशवीत बंद करून माहिती परत काढणाऱ्या जाणकाराकडे द्यावी. आणि दरवर्षी मे अखेर हिशेबाची एक प्रत नदीपासून लांबच्या ठिकाणी ठेवावी. वजनकाटा दुरुस्त झाल्यावर वैधमापन खात्याकडून पुन्हा तपासून घेतल्याखेरीज वापरू नये.

बॅटऱ्यांविषयी

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी शिरले तर आतले ॲसिड बाहेर पसरते. रबरी मोजे घालूनच हात लावावा. इन्व्हर्टर मेनपासून व बॅटरीपासून, दोन्हीकडून तोडावा. घराची वीज बंद असतानाही तो २३० व्होल्ट देत असतो हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

मोबाईल, विजेवरची दुचाकी व काही फवारणी पंप यांत लिथियमची बॅटरी असते. तिच्यात पाणी गेले तर ती लगेच नव्हे, काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. बुडालेली अशी बॅटरी चार्जिंगला लावू नये. ती घरापासून, गोठ्यापासून व पाचटाच्या ढिगापासून दूर मोकळ्यावर ठेवावी आणि कंपनीच्या केंद्रात जमा करावी. पोंग्यातला गाळ धुण्यासाठी फवारणी पंप काढताना त्याची बॅटरी पुरात होती का, हे आधी आठवावे.

पूर येण्यापूर्वी

पुरानंतरची सबुरी ज्याला जड वाटते त्याने पुराआधीची त्वरा करावी. आपल्या विहिरीजवळ २०१९ च्या पाण्याची खूण कोठे होती हे आजच पाहून ठेवावे व शक्य तेथे पेटी त्या खुणेच्या वर बसवावी. ते शक्य नसेल तर वायरमनकडून पेटी अशी बसवून घ्यावी की पुरवठा तोडल्यावर चार बोल्ट काढून ती घरी नेता येईल. तारांना रंगीत चिंध्या बांधून क्रम ठेवावा व जोडणीचा फोटो काढावा. नदी इशारा पातळीकडे चालली की मेन बंद करून पेटी व मोनोब्लॉक वर हलवावेत. पाणी पेटीशी आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो. त्या वेळी पेटीला हात लावणे म्हणजे जीव पणाला लावणे.

सुरुवातीला ज्या सभासदांची हकीगत सांगितली, ते आजही ऊस करतात. दर जूनला ते पेटी काढून माळ्यावर ठेवतात आणि ती दिवाळीच्या आधी खाली उतरवीत नाहीत. शेजारी थट्टा करतात तेव्हा ते बाहीवर सारून उजवा हात दाखवतात.

मोटार पुन्हा घेता येते, स्टार्टर पुन्हा घेता येतो. खटका दाबणारा हात एकच असतो. ह्या पावसाळ्यात नदीकाठच्या प्रत्येक सभासदाने हा लेख आपल्या घरातील मंडळींना व मोटारीवर जाणाऱ्या गड्याला वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे. पुरानंतरच्या उसाविषयी नेहमीप्रमाणे गट कार्यालयात भेटावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी